चालू गिरणी, बंद दार

आमच्यातले बहुतेक निवृत्त अधिकारी जुनी केस सांगताना ‘ती घटना आजही डोळ्यांसमोर उभी राहते’ असं म्हणून सुरुवात करतात. मी सांगणार आहे ती घटना आजही माझ्या कानात वाजते. भर दुपार, दाराला बाहेरून कुलूप आणि आत मसाल्याची गिरणी सुरू. पोलिसात जन्म काढल्यावर माणूस सहसा कशाला बिचकत नाही. त्या दाराशी मात्र माझ्या अंगावर काटा आला होता.

मी हैदराबादच्या काचीगुड्यात वाढलो. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत तेलुगू. निवृत्तीच्या थोडं आधी दिलसुखनगरच्या बाजूच्या एका पोलीस स्टेशनला इन्स्पेक्टर होतो. तिथली सकाळ ठरलेली असायची. हजेरी, गस्तीच्या नोंदी, मग कोचिंग क्लासच्या पोरांचे हरवलेले मोबाइल आणि पार्किंगवरून झालेल्या हाणामाऱ्या. अशाच एका सकाळी एक मराठी बाई आत आल्या. मूळच्या पुण्याच्या. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी योजनांचा लोकांना खरंच उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या एका संस्थेत त्या काम करत होत्या. टेबलावरच्या पाटीवरचं माझं आडनाव वाचून त्या थेट मराठीतच बोलायला लागल्या.

“सर, तक्रार कशी द्यायची ते कळत नाहीये. एक बाई आहे, पण ती नाहीये.”

मी म्हटलं, “बसा. पाणी घ्या. आणि एक काय ते ठरवा, आहे की नाही.”

“तेच तर ठरवता येत नाही,” त्या म्हणाल्या.

हकिगत अशी होती. बायकांनी स्वतःचा धंदा काढावा म्हणून एका योजनेतून यंत्रासाठी पैसे आणि विजेत सवलत मिळत असे. आमच्या हद्दीतल्या एका गल्लीत एका बाईने त्यातून मिरची-मसाला कांडायची गिरणी टाकली होती. ठरलेली वर्षं धंदा चालला तर अनुदान पक्कं, मध्येच बंद पडला तर परत. धंदा चालू आहे का, हे ऑफिस दोन गोष्टींवरून बघायचं. विजेचा मीटर फिरतोय का, आणि नोंदवलेल्या मोबाइलवर मालकीण बोलते का. त्या गिरणीचं दोन्ही ठीक होतं. ऑफिसच्या लेखी ते एक उत्तम चाललेलं युनिट होतं, मोठ्या साहेबांपुढे उदाहरण म्हणून दाखवावं असं.

पुण्याच्या बाईंचं काम प्रत्यक्ष जाऊन मालकिणीला भेटायचं होतं. त्या जात होत्या, आणि दर खेपेला दाराला बाहेरून कुलूप आणि आत यंत्राची घरघर. शेजारी विचारलं की सगळे एकच सांगत, परसों तर होती. फोन लावला की मालकीण उचलायची.

“काय म्हणते?”

“म्हणते, ‘गिराकां खड़े हैं, बाद में बात करती मैं.’ आणि ठेवते. दर वेळी हेच, शब्दन् शब्द. आणि सर, मागे कोणीतरी शिंकतं. ‘बाद में’ म्हटलं की शिंक. प्रत्येक फोनला त्याच जागी.”

माझा हेड कॉन्स्टेबल कोपऱ्यात काहीतरी लिहीत होता. त्याला मराठी फारसं येत नसे, पण त्याचंही पेन थांबलं.

मी बाईंना विचारलं, “शेजारचे परसों म्हणाले, ते तुम्ही कसं लिहून घेतलंत?”

“मालकीण दोन दिवसांपूर्वी हजर होती, असं.”

मला हसू आलं, आणि लगेच ते विरलंही. हैदराबादचं ‘परसों’ म्हणजे दोन दिवसांपूर्वी नव्हे. इथे परसों म्हणजे होऊन गेलेली कुठलीही वेळ. गेला आठवडा परसों आणि पोराचं बारसं होऊन तो कॉलेजात गेला तरी ते बारसं परसोंच. आमच्या घरच्या मराठीतही ‘परवा’चं तेच झालं होतं. माझी आई स्वतःचं लग्न परवा झाल्यासारखं सांगायची. पुण्याच्या बाईंना हे कोण सांगणार? त्यांनी दर खेपेला इमानदारीने ‘दोन दिवसांपूर्वी’ लिहिलं होतं, आणि त्यांच्या अहवालात ती बाई कायम दोन दिवसांपूर्वी त्या गल्लीतून चालत होती.

मी म्हटलं, “बाई, तिला शेवटचं कोणी कधी पाहिलं हे त्या गल्लीत कोणालाच माहीत नाही.”

बेपत्ता असल्याची फिर्याद नव्हती, नातेवाईक पुढे आले नव्हते. मी स्टेशन डायरीत माहिती मिळाल्याची नोंद केली, हेडला घेतलं आणि साध्या कपड्यांत गल्लीत गेलो. पोलिसाने पहिल्यांदा विचारू नये, नुसतं उभं राहावं, असं माझं मत आहे. समोर एक म्हातारा इस्त्रीवाला होता. त्याच्या टेबलाशी मी शर्ट टाकला आणि गिरणीकडे बोट करून सहज म्हटलं, “बहन अंदर हैं क्या?”

“हैं ना साब. मशीन चल री ना,” तो म्हणाला. “परसों बात करे मेरे से.”

त्याच्या बोलण्यात काही लपवाछपवी नव्हती. आवाज येतोय म्हणजे माणूस आहे, इतका सरळ हिशेब. पण मला दुसरंच काहीतरी खटकत होतं. मिरचीच्या गिरणीसमोर आम्ही बराच वेळ उभे होतो आणि कोणीही खोकत नव्हतं. लहानपणी आमच्या गल्लीत कांडप सुरू झालं की चार घरं पलीकडची माणसं डोळे पुसायची. इथे इस्त्रीवाला पांढरे शर्ट उघड्यावर टांगून बसला होता आणि एकाही शर्टावर लाल कण नव्हता. गिरणीच्या पायरीवर एक मांजर झोपलं होतं. यंत्राचा आवाजही नीट ऐकला तर कोरडा होता, लोखंडावर लोखंड.

दाराच्या बाजूला एक जाळीची खिडकी होती, आतून कागद लावलेली. हेड कान लावून आला. “सार, लोपला एवरू लेरु,” तो हळूच म्हणाला. आत कोणी नाही.

मी खिडकीशी उभा राहिलो आणि माझ्या मोबाइलवरून मालकिणीचा नंबर लावला.

आत रिंग वाजली. यंत्राचा आवाज थोडा दबला, कोणीतरी मध्ये येऊन उभं राहावं तसा. मग माझ्या कानात फोनमधून एक बाई बोलली, “गिराकां खड़े हैं...” आणि त्याच वेळी, अगदी तेच शब्द, जाळीतून. शिंकही दोन्हीकडून आली. एक बाई माझ्या कानात आणि तीच बाई भिंतीपलीकडे. हेडने गळ्यातला देवाचा ताईत मुठीत धरला. मी त्याला काही बोललो नाही, कारण माझ्याही हाताला तेच करायचं होतं.

मागच्या अंगाने घराच्या आवारातून गिरणीत यायला दुसरं दार होतं. तिथून आत शिरलो. यंत्र रिकामं फिरत होतं. वरच्या तोंडात मिरचीचा देठसुद्धा नव्हता, खाली लावलेला डबा घासून पुसून चकचकीत. यंत्राशेजारी खुर्चीवर एक पुरुष बसला होता, दोन हातांत दोन मोबाइल, एकाचं तोंड दुसऱ्याला लावलेलं. तो त्या बाईचा नवरा होता. आम्हाला बघून तो उठला नाही. त्याने आधी यंत्र बंद केलं. त्याबरोबर समोरचा इस्त्रीवाला आपल्या जागेवरून ओरडला, “लाइट गयी क्या?” यंत्र कधी मध्येच थांबल्याचं त्या गल्लीला माहीत नव्हतं.

माणूस गुंड दिसत नव्हता. हडकुळा, नीट भांग पाडलेला. पण यंत्राच्या पायाशी नव्या सिमेंटचा एक चौकोन होता, आणि माझी नजर तिथे गेलेली त्याने पाहिली. त्याचं तोंड उतरलं. आता माझ्या डोक्यात जे आलं तेच वाचकांच्याही डोक्यात येईल. पंच बोलावले, फोटो घेतले, माणसं लावून तो चौकोन फोडला. पुण्याच्या बाईंनाही बोलावून घेतलं होतं, त्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. पहारीचा प्रत्येक घाव त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. खाली गंजलेले नटबोल्ट आणि माती निघाली. हादऱ्यांनी यंत्राचा पाया सुटला होता, तो त्याने पुन्हा बसवला होता, इतकंच. मला हायसं वाटलं, पण बाई कुठे हा प्रश्न होता तिथेच राहिला.

स्टेशनात आणून त्याला चहा दिला. चौकशीत चहा फार उपयोगी पडतो. मारहाणीने माणूस आपल्याला हवं ते बोलतो, चहाने त्याला हवं ते.

“बायको कुठंय?”

“गेली साहेब. परवा गेली.” तोही आमच्यासारखाच, पिढ्यान् पिढ्या इथला मराठी.

“कुठली परवा? नीट सांग. तेव्हा गिरणीत काय चाललं होतं?”

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. “नवी मिरची आली होती. तिच्यानंतर अजून एकदा नवी मिरची आली.”

नवी मिरची वर्षातून एकदाच येते, म्हणजे वर्ष उलटून गेलं होतं. भांडण झालं, त्याने हात उचलला, ती अंगावरच्या साडीनिशी निघून गेली. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं आणि त्याने शोधलंही नव्हतं. गिरणीचा मोबाइल आणि तिची सगळी ओळखपत्रं घरातच राहिली. काही दिवसांनी ऑफिसातून फोन आला. तिने मिरचीच्या व्यापाऱ्याला पाठवलेला एक आवाजी निरोप त्या मोबाइलमध्ये होता. घाबरून त्याने तो फोन उचललाच नाही, निरोप आपल्या फोनवर घेतला आणि पुन्हा फोन आला तेव्हा ऐकवला. पलीकडचा माणूस ‘ठीक है अम्मा’ म्हणाला. मग रोज यंत्र लावायचं आणि फोन आला की निरोप ऐकवायचा, हे त्याचं काम होऊन बसलं.

“नुसत्या अनुदानासाठी?” मी विचारलं.

“आधी त्याच्यासाठीच. नंतर मशीन बंद केलो असतो तर लोक विचारले असते, बाई कुठं गेली म्हणून.” मग तो खाली बघून म्हणाला, “कधी कधी कोणाचा फोन नसला तरी लावत होतो साहेब. मशीन चालू असली आणि ते लावलं, की घरात बाई आहे वाटायचं.”

मी खूप कबुलीजबाब ऐकले आहेत. त्या वाक्याने जसं भरून आलं आणि जशी शिसारी आली, तसं पुन्हा कधी झालं नाही.

धागा त्यानेच दिला होता. कांडप करणारी बाई जिथे कुठे असेल तिथे तिला मिरची लागणारच. मलकपेटच्या बाजारात तो व्यापारी सापडला. निरोप ऐकवल्यावर तो हसला. “मेरेकोइच भेजे थे ये. छींक मेरे नौकर की है, माल उतारने गया था.” आणि ती बाई? तो म्हणाला, ती अजूनही माल नेते, पण थोडा थोडा, आणि शहरातल्या कोठी भागात पोचवायला सांगते. एका पोलीस इन्स्पेक्टरला हे विचारावंसं का वाटतंय, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

कोठीत दवाखान्यांच्या मागच्या बोळात एक खोली होती. बोळाच्या तोंडाशीच मला ठसका लागला, आणि मी मनात देवाचे आभार मानले. घरातला साधा मिक्सर लावून ती मसाला करत होती. महिला कॉन्स्टेबलला पुढे पाठवलं होतं, पुण्याच्या बाईही सोबत होत्या, तरी माझ्याकडे बघताच ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली,

“साहेब, मी कोणाचं नाव नाही घेतले. ते माझंच नाव आहे.”

मला काहीच कळेना. तिला बसवलं. पुण्याच्या बाईंनी तिचा हात धरला, तेव्हा कुठे ती बोलती झाली.

कोठीत आल्यावर तिचा माल आसपासच्या घरांत खपू लागला होता. दुकानदारही घ्यायला तयार होते, पण परवान्याशिवाय पाकीट कोण ठेवणार? म्हणून ती त्याच ऑफिसात गेली. काउंटरवरच्या माणसाने नाव टाकून बघितलं आणि म्हणाला, या नावाचं युनिट चालू आहे, दुसरं मिळणार नाही. तिने सांगितलं, ते युनिट माझंच, पण मी तिथून निघून आले. तिच्याकडे ओळखपत्राची नुसती झेरॉक्स होती. तो म्हणाला, थांबा, विचारून घेतो. त्याने नोंदवलेला नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

“आणि तिथून मी बोलले, साहेब,” ती म्हणाली. “माझाच आवाज. म्हणले, गिराकां खड़े हैं, नंतर बोलते. मी इकडे उभी आणि तिकडे मीच. तो माणूस माझ्याकडे असा बघला, म्हणला, मॅडम तर दुकानात आहेत, तू कोण? दुसऱ्याच्या नावावर आलीस तर पोलीस केस होते.”

“मग?”

“मग काय. पळाले. घरी येऊन कित्ती तरी दिवस मी मोठ्यानं बोललेच नाही. मला वाटायचं, खरी ती तिकडंच राहिली, आणि मी अशीच कोणीतरी सुटून आले.”

पुण्याच्या बाई ढसाढसा रडल्या. त्यांना मी दोष देत नाही. फोनवरून खात्री करायची पद्धत त्यांच्या संस्थेने आखली नव्हती, पण त्या आवाजाला त्यांनीही वारंवार फोन लावला होता.

पुढचं रीतसर झालं. फसवणूक आणि तोतयेगिरीची कलमं लागली, दोन्ही मोबाइल मुद्देमालात जमा झाले, मारहाणीची तिची वेगळी फिर्याद घेतली. पंचांसमोर तिला तो निरोप ऐकवावा लागला. ती हादरेल म्हणून मी पाण्याचा ग्लास जवळ ठेवला होता. तिने मान कलती करून शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, “अजून एकदा लावा.” मग आम्हाला सांगायला लागली, “ऐका, मागं कोणीतरी धणे मागायली. त्या दिवशी खरंच गिराकं उभी होती साहेब. बाहेर पायरीपर्यंत.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिथे.

या केसने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर मी त्या पायरीवरच्या गिऱ्हाइकांबद्दल सांगतो. योजनेवर तोंडसुख घेणं सोपं आहे. पण योजना खोटी नव्हती. तिच्यामुळे एका बाईला यंत्र मिळालं, हात बसला, बाजारात पत मिळाली, आणि त्या जोरावर ती मारणाऱ्या नवऱ्याला सोडून स्वतःच्या पायावर उभी राहिली. एखाद्या धोरणाकडून याहून जास्त काय मागायचं? पण हे मोजायला कोणाकडे काही नव्हतं. मोजला जात होता तो मीटर. आमच्याही खात्यात हेच होतं. किती केसेस निकालात काढल्या ते विचारतात, फिर्यादी रात्री नीट झोपतो का ते कोणी विचारत नाही. जे मोजलं जातं ते चालू ठेवायला माणूस शिकतो, मग आत कोणी असो वा नसो.

एक काम राहिलं होतं. पुण्याच्या बाईंच्या टॅबमध्ये त्या गिरणीपुढे दोनच पर्याय होते, चालू किंवा बंद. माझ्या खोलीत मालकिणीशेजारी त्या टॅब घेऊन बसल्या होत्या आणि बोट पुढे जाईना. ‘चालू’ लिहावं तर ती बाई पुन्हा अडकणार, ‘बंद’ लिहावं तर अनुदान परत मागितलं जाणार आणि योजनेतून उभी राहिलेली ही बाई अहवालात अपयशी म्हणून मोजली जाणार.

“बंद लिहा,” मालकीण म्हणाली. “ते बंद झाल्याशिवाय मला दुसरं उघडता येत नाही. पैसे परत मागितले तर थोडे थोडे फेडते. अपयशी तर अपयशी. मला कोण वाचायलंय?”

बाईंनी ‘बंद’ लिहिलं. शेरा द्यायला जागा होती तिथे त्यांनी बरंच काही लिहिलं, ते वरपर्यंत पोचलं की नाही मला माहीत नाही.

ती परवान्यासाठी पुन्हा ऑफिसात गेली, तेव्हा तिच्या विनंतीवरून मी साध्या कपड्यांत सोबत गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. काउंटरवर तोच माणूस होता. त्याने नाव टाकलं, पडदा बघितला आणि सवयीने टेबलावरचा फोन उचलला.

तिने काचेखालच्या फटीतून हात आत घातला आणि फोनवर ठेवला.

“नक्को लावू भय्या,” ती म्हणाली. “मैं सामने खड़ी हूँ. मेरेकोइच पूछो.”

त्याने रिसीव्हर खाली ठेवला आणि तिला नाव विचारलं. तिने ते मोठ्याने सांगितलं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.